पुष्कळ हातांचा नकाशा

नकाशा म्हटला कीं भूगोलाच्या तासाला भिंतीवर टांगलेला, कडा फाटलेला तक्ता बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. समुद्र निळा, डोंगर तपकिरी, जिल्ह्यांच्या सीमा तांबड्या. तो कोणी काढला, काढणाऱ्यास ही माहिती कोणी पुरविली, असा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारीत नाहींत. छापलें आहे तें खरें, असें मानून पुढें जातात. प्रस्तुत लेखांत आम्ही हाच प्रश्न हातीं घेतला आहे. कारण आज जगांत एक असा नकाशा आहे, कीं जो कोणा एका सरकारनें किंवा व्यापारी कंपनीनें काढलेला नसून, ज्याला वाटेल त्यानें आपापल्या ठिकाणची माहिती घालून वाढविलेला आहे. त्याचें नांव ‘ओपनस्ट्रीटमॅप’. मराठींत त्यास आपण मोकळा नकाशा म्हणूं. एकमेकांस कधींहि न पाहिलेल्या, बिनपगारी माणसांकडून एकच काम नीट करून घेणें कसें साधतें, आणि आपल्या भोकरदन तालुक्यांत तें साधावयाचें असेल तर काय करावें लागेल, हें येथें सांगावयाचें आहे.

आरंभ आपल्याच नदीपासून करूं. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा केळना नदीच्या उत्तर तीरावर उतरलेल्या होत्या. घोडदळ भोकरदनच्या आसपास पसरलेलें, आणि कवायती पायदळ व तोफा पूर्वेकडे असईच्या बाजूस, जेथें केळना व जुई या दोन नद्यांमधील जमीन निमुळती होत जाते तेथें. दक्षिणेकडून इंग्रजांचा सेनापति आर्थर वेलस्ली आपलें सैन्य घेऊन आला. समोरून नदी ओलांडावी तर तोफांचा मारा. म्हणून बाजूस कोठें उतार, म्हणजे पायीं पलीकडे जाण्याजोगी जागा, आहे काय, अशी त्यानें वाटाड्यांजवळ चौकशी केली. नाहीं, असें त्यांनीं ठामपणें सांगितलें. वेलस्लीनें दुर्बिणींतून पाहिलें, तों नदीच्या दोन्ही कांठांवर समोरासमोर दोन गांवें त्यास दिसलीं. इतकीं जवळ गांवें वसलीं त्या अर्थीं त्यांच्यामध्यें जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा त्यानें तर्क केला, माणूस पाठवून खात्री करून घेतली, आणि त्याच उतारानें फौज पलीकडे नेली. पुढें असईची जी लढाई झाली तिचा निकाल इतिहासाच्या पुस्तकांत विद्यार्थ्यांनीं वाचलेलाच आहे.

या लढाईचें वर्णन करणारे बहुतेक लेखक वेलस्लीच्या तर्कबुद्धीची वाखाणणी करून थांबतात. आम्हांस त्यांत दुसरीच गोष्ट दिसते. तो उतार त्या दोन गांवांतील गुराख्यांना ठाऊक असणार. नदीवर धुणें घेऊन जाणाऱ्या बायकांना ठाऊक असणार. बाजाराला जाणाऱ्या म्हाताऱ्याला ठाऊक असणार. ज्ञान होतें, पण तें लिहिलेलें कोठेंच नव्हतें. ज्यास गरज पडली त्यास तें अनुमानानें मिळवावें लागलें. वाटाडे जाणूनबुजून खोटें बोलले, कीं त्यांना खरोखरच माहिती नव्हती, हें आतां कोण सांगणार? इंग्रजांच्या कागदांत पुढें केळनेची ‘कैतना’ झाली. परक्यानें ऐकून नांव लिहिलें कीं असें व्हावयाचेंच.

आज तोफांची गोष्ट राहिली नाहीं. परंतु शेतवस्तीवरील बाईला रात्रीं कळा सुरू झाल्या, घरच्यांनीं १०८ या क्रमांकावर दूरध्वनि केला (रुग्णवाहिकांची ही योजना महाराष्ट्रांत २०१४ पासून चालू आहे), कीं गाडी चालविणाऱ्याचा पहिला प्रश्न वेलस्लीचाच असतो: वाट कोणती, आणि नाला कोठून ओलांडावयाचा? ‘पिंपळापासून डावीकडे वळा’ हें उत्तर त्या गांवच्या माणसाला पुरें पडतें, दुरून आलेल्या चालकाला तें पुरत नाहीं. अंधारांत पिंपळ दिसत नाहीं. नकाशावर गांवठाणाचें नांव असतें, वस्तीचें पुष्कळदां नसतें. हा विषय आम्ही केवळ भूगोलाचा समजत नाहीं तो या कारणानें.

नकाशा काढण्याची जुनी रीत कशी होती, तें थोडक्यांत पाहूं. हिंदुस्थानच्या महान् त्रिकोणमितीय पाहणीचें काम विल्यम लॅम्टन यानें १८०२ मध्यें मद्रासेजवळ आधाररेषा मोजून सुरू केलें. कोन मोजण्याचें त्याचें यंत्र सुमारें अर्धा टन वजनाचें होतें. तें उंचावर चढविणारे खलाशी, दूरच्या टेकडीवर निशाण धरून उभे राहणारे, साखळी ओढणारे, अशीं कितीतरी माणसें त्या कामीं झिजलीं. हैदराबादेकडून नागपुराकडे जात असतां लॅम्टन २० जानेवारी १८२३ रोजीं आपल्याच महाराष्ट्रांतील हिंगणघाट येथें वारला, व त्याची कबर तेथें आहे. त्या पाहणींत शिस्त होती ती हुकमाची. निशाणवाल्यास टेकडीवर उभें राहण्याची इच्छा आहे कीं नाहीं, हें कोणी विचारीत नसे. पगार होता, शिक्षा होती, आणि एकावर एक वरिष्ठ होते. त्या शिस्तीनें हिमालयाच्या शिखरांची उंची काढली गेली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु अशा पाहणीला गांवची विहीर, तांड्याची वाट किंवा शाळेमागची पायवाट यांकडे पाहावयास सवड नसते. आणि एकदां छापलेला नकाशा पुन्हा तपासला जाईपर्यंत पुष्कळ वर्षें लोटतात.

मोकळ्या नकाशाचा जन्म २००४ मध्यें इंग्लंडांत झाला. स्टीव्ह कोस्ट नांवाच्या तरुणानें तो आरंभिला. त्या देशांतील सरकारी नकाशे उत्कृष्ट होते, पण सर्वसामान्य माणसास ते मोकळेपणीं वापरतां येत नसत, ही त्यामागील तक्रार. उपग्रहांच्या साह्यानें स्थान सांगणारें लहानसें यंत्र घेऊन सायकलीवरून फिरावें, चाललेली वाट संगणकावर उतरवावी, रस्त्याचें नांव लिहावें, एवढीच मूळ कल्पना होती. मे २००६ मध्यें इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर अशी हौशी मंडळी जमली, बेट आपसांत वाटून घेतलें, आणि दिवसा फिरून जमविलेली माहिती एकत्र बसून नकाशांत भरली. त्याच वर्षीं या कामाचा व्यवहार पाहण्यासाठीं एक संस्था स्थापन झाली. आज नांव नोंदविलेल्यांची संख्या १ कोटीहून अधिक आहे.

हा आंकडा वाचून कोणी दिपून जाऊं नये. नांव नोंदविणाऱ्यांपैकीं बहुतेक जण एकहि रेघ काढीत नाहींत. ज्यांनीं काढली त्यांतील पुष्कळ पहिल्या दिवसानंतर परत येत नाहींत. खरा भार थोड्यांच्याच अंगावर असतो. गांवच्या उत्सवांत वर्गणीदार किती आणि मांडवाचे वासे उचलणारे किती, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना याचें नवल वाटणार नाहीं. तेव्हां स्वयंसेवकांचें संघटन म्हणजे गर्दी जमविणें नव्हे. जो आज आला आहे त्याला तास-दोन तासांत पुरें होईल असें काम हातीं देणें, आणि तें पुरें झालेलें त्यास स्वतःच्या डोळ्यांनीं दिसूं देणें, ही या विद्येतील मुख्य किल्ली होय, असें आमचें मत आहे. ‘तालुक्याचा नकाशा करूं या’ असें म्हटल्यास शंभर हात वर होतात आणि आठवड्यानें एकहि उरत नाहीं. ‘शाळेपासून नदीपर्यंत पाण्याचे नळ व हातपंप किती, तें मोजून आणा’ असें म्हटल्यास चार मुलें जातात, आणि संध्याकाळीं वही भरून आणतात.

ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर कशी चालते, याचें उदाहरण हैती या देशाचें. १२ जानेवारी २०१० रोजीं तेथें भयंकर भूकंप झाला, आणि पोर्त-ओ-प्रिन्स ही राजधानी ढासळली. मदतीस आलेल्या पथकांना उपयोगी पडेल असा तपशीलवार मोकळा नकाशा त्या शहराचा नव्हता. उपग्रहांवरून घेतलेलीं छायाचित्रें त्यांच्या मालकांनीं खुलीं केलीं. निरनिराळ्या देशांतील शेंकडों माणसांनीं आपापल्या घरीं बसून त्यांवरून रस्ते, इमारती, निराश्रितांच्या छावण्या रेखाटल्या. आणि थोड्याच दिवसांत तोच नकाशा पथकांच्या हातीं गेला. या अनुभवांतून त्याच वर्षीं संकटकाळीं नकाशे करणाऱ्या स्वयंसेवकांची एक स्वतंत्र संस्था उभी राहिली, व पुढें तिनें कामाची वांटणी करण्याची एक सुंदर रीत बसविली. शेंकडों जणांनीं एकदम हात घातला कीं दोघे एकाच गल्लीवर बसतात आणि शेजारची गल्ली कोरी राहते. म्हणून सर्व प्रदेशावर चौकोनांची जाळी घालतात. स्वयंसेवकानें एक चौकोन घ्यावा. तो घेतला आहे तोंवर दुसऱ्यास घेतां येत नाहीं. पुरा झाला कीं तशी खूण करावी. न जमल्यास सोडून द्यावा. त्यांत कमीपणा नाहीं. मग दुसरा कोणी जाणता माणूस तो चौकोन तपासून बरोबर असल्याची दुसरी खूण करतो.

आपल्याकडील शेतकऱ्याला ही युक्ति शिकवावी लागणार नाहीं. खुरपणीला बायका ज्याप्रमाणें आपापली पात धरतात, त्यांतलाच हा प्रकार. पात धरली कीं कोणाचें तण राहिलें तें दिसतें, कोणाचें काम कोणाच्या आड येत नाहीं, आणि जिची पात मागें पडली तिच्या पातीला शेजारीण हात लावते. इर्जिक घालण्याची चाल ज्यांच्या घरीं आहे त्यांना हेंहि ठाऊक आहे, कीं बोलावून आणलेल्या माणसांना नांगर जुंपण्याआधीं शेत दाखवावें लागतें, आणि काम झाल्यावर जेवूं घालावें लागतें. हुकूम तेथेंहि चालत नाहीं.

आतां एक भेद नीट ध्यानीं घ्यावा. आकाशांतून छप्पर दिसतें. छपराखालीं शाळा आहे, कीं गोठा, कीं दवाखाना, हें दिसत नाहीं. दूर देशांत बसलेला मनुष्य रस्त्याची रेघ काढूं शकेल, पण त्या रस्त्याचें नांव, त्यावर पावसाळ्यांत चिखल किती होतो, मधला पूल पडला आहे कीं काय, हें त्यास कळत नाहीं. नेपाळांतील लोकांनीं हें वेळेवर ओळखलें. काठमांडू येथें २०१३ मध्यें ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्स’ नांवाची संस्था निघाली. तेथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन खोऱ्यांतील शाळा व इस्पितळें नकाशावर आणण्याचें काम त्याआधींच सुरू झालें होतें. २५ एप्रिल २०१५ रोजीं भूकंप झाला तेव्हां जगभरचे हजारों स्वयंसेवक रेघा काढण्यास धांवले, हें खरें. परंतु त्या रेघांना अर्थ देणारीं, कोणत्या गांवास कोणत्या वाटेनें जावें हें सांगणारीं माणसें तेथल्या तेथें तयार होतीं. संकट आल्यावर स्वयंसेवक गोळा करणें आणि आधीं तयार केलेले स्वयंसेवक संकटांत हातीं असणें, यांत किती अंतर आहे!

असो. माणसें जमलीं, पाती वांटल्या. तरी सर्वांची भाषा एक नसेल तर माहितीचें कडबोळें होतें. यासाठीं मोकळ्या नकाशांत प्रत्येक वस्तूस ठराविक शब्दांच्या जोड्या लावतात: वस्तूचा प्रकार कोणता, तिचें नांव काय, रस्ता असल्यास डांबरी कीं कच्चा, विहीर असल्यास पाणी पिण्याजोगें आहे कीं नाहीं. हे शब्द मुख्यतः इंग्रजी आहेत, आणि ते पाठ करूं लागल्यास नवखा कंटाळून जातो. म्हणून आतां मोबाइलवर अशीं साधनें निघालीं आहेत, कीं जीं आपण उभे आहों त्या जागेविषयीं एकच साधा प्रश्न विचारतात आणि उत्तर योग्य शब्दांत स्वतःच नोंदतात. ‘स्ट्रीटकंप्लीट’ हें त्यांतील एक. शिकविण्याची ही रीत आम्हांस फार आवडली. व्याकरण आधीं आणि बोलणें मागून, असा क्रम तेथें नाहीं.

शब्दांहून महत्त्वाचे दोन नियम आहेत. पहिला असा, कीं जें प्रत्यक्ष जागेवर आहे तेंच लिहावें. मंजूर झालेला पण न बांधलेला रस्ता रस्ता नव्हे. दुसरा असा, कीं दुसऱ्याच्या नकाशावरून उतरून घेऊं नये. कोणा कंपनीचा तयार नकाशा समोर ठेवून नांवें उतरविणें म्हणजे परीक्षेंत शेजाऱ्याची वही पाहून लिहिणें होय. आणि येथें शिक्षा एकट्याला नसते, सापडल्यास ती सर्व माहिती काढून टाकावी लागते व तिच्यावर रचलेलें इतरांचें कामहि अडचणींत येतें. उत्साही मुलें नेमकी हीच चूक आधीं करतात, कारण ती त्यांस चूक वाटतच नाहीं. पहिल्या दिवशीं पहिल्या घटकेस हा नियम सांगावा.

नांवांचा प्रश्न मात्र नियमांनीं पुरता सुटत नाहीं, आणि त्याविषयीं आम्हांस थोडें अधिक बोलावयाचें आहे. आपल्या नदीचेंच पाहा: कोणी केळना लिहितात, कोणी केळणा. मोकळ्या नकाशांत मराठी नांवासाठीं वेगळा रकाना आहे, दुसऱ्या प्रचलित नांवासाठीं वेगळा आहे, जुन्या नांवासाठींहि आहे. तेव्हां असल्या ठिकाणीं भांडण्याचें कारण नाहीं. पण वस्त्यांच्या नांवांचें काय? आपल्या खेड्यापाड्यांतून कितीतरी वस्त्या जातीच्या नांवानें ओळखल्या जात आल्या. डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें अशीं जातिवाचक नांवें बदलून त्यांच्या जागीं समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर यांसारखीं नांवें देण्याचा निर्णय घेतला. आतां समजा, दोन विद्यार्थी एकाच वस्तीची नोंद करण्यास गेले. एक म्हणतो, गांवांत सारे जुनेंच नांव घेतात, आणि नियम तर ‘लोक म्हणतात तें लिहावें’ असा आहे. दुसरा त्याच वस्तींत राहतो. तो म्हणतो, आम्ही तें नांव घेत नाहीं. यांत खरें कोणाचें?

आमच्या मतें, ‘लोक’ म्हणजे कोण, हें आधीं ठरविलें पाहिजे. वस्तीचे लोक म्हणजे वस्तींत राहणारे लोक. वेशीच्या आंतून दुसऱ्यांनीं ठेवलेलें नांव हें त्यांचें नांव नव्हे. जुनें नांव न कळल्यानें रुग्णवाहिका चुकेल, अशी कोणी शंका काढील. परंतु चालक शोधतो ती जागा, आणि जागा तर नकाशावर बिनचूक आहेच. शिवाय संघटकानें येथें स्वतः निकाल देऊं नये. त्यानें त्या वस्तींत जावें, चार घरीं विचारावें, बायकांनाहि विचारावें, आणि जें उत्तर मिळेल तें लिहावें. एकदां अशा प्रसंगीं त्या दुसऱ्या मुलाचें ऐकलें गेलें नाहीं, तर तो परत येणार नाहीं. आणि त्याच्यासारखा एकहि जाणकार त्या वस्तीसाठीं दुसरा मिळणार नाहीं.

चुका दाखविण्याचीहि एक रीत आहे. नवशिक्यानें कालव्यास रस्ता लिहिलें, किंवा सबंध गल्ली दहा हात बाजूला काढली. जाणत्यानें ती पाहतांच पुसून टाकली आणि ‘चूक’ एवढेंच लिहिलें, तर नकाशा सुधारला पण माणूस गेला. त्यापेक्षां काम केल्याबद्दल आधीं आभार मानावे, कोठें काय राहिलें तें सांगावें, आणि दुरुस्ती त्याच्याच हातून करवावी. यास चार मिनिटें अधिक लागतात. ही सबूरी परवडते, कारण या नकाशाची पाटी साधी नाहीं. पाटीवरचें पुसलें तें गेलें. येथें प्रत्येक बदल कोणी, कधीं, कशासाठीं केला हें राहतें, आणि नको तो बदल मागें घेतां येतो. मुद्दाम खोडसाळपणा करणाराहि एखादा भेटतो. त्याचें लिहिलेलें मुकाट्यानें पूर्ववत् करावें, वारंवार केल्यास नेमलेल्या मंडळाकडे कळवावें, आणि त्याच्यावर व्याख्यानें झोडण्यांत वेळ घालवूं नये.

कोणी काय दिलें याची नोंद राहणें ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण आपल्या गांवाला तरी ती तशी वाटूं नये. भोकरदनचें प्राचीन नांव भोगवर्धन असें विद्वान् मानतात; १९७३ मध्यें येथें झालेल्या उत्खननांत त्या काळच्या समृद्धीच्या खुणा मिळाल्या. या भोगवर्धनच्या माणसांचा उल्लेख कोठें सांपडतो? मध्यप्रदेशांतील सांची येथील स्तूपावर आणि भारहुतच्या स्तूपाच्या दगडांवर. ते स्तूप सजविण्यास गांवोगांवच्या शेंकडों लोकांनीं दान दिलें. कोणी एक खांब, कोणी एक आडवा दगड. आणि ज्यानें जें दिलें त्यावर त्याचें व त्याच्या गांवाचें नांव कोरलें गेलें. दोन हजार वर्षांपूर्वीं त्या कामाची व्यवस्था पाहणाऱ्यांना माणसांची पारख होती, यांत शंका नाहीं. एका दगडाचा दाता त्यांनीं गर्दींत हरवूं दिला नाहीं. मोकळ्या नकाशाच्या चालकांनींहि एकदां ही कसोटी दिली. २०१२ मध्यें नकाशाच्या वापराच्या अटी बदलावयाच्या होत्या. तेव्हां वरच्यावर ठराव करून मोकळें न होतां त्यांनीं माहिती देणाऱ्या प्रत्येकास संमति विचारली, आणि ज्यांनीं ती दिली नाहीं त्यांनीं घातलेली माहिती काढून टाकली. कित्येक ठिकाणीं काढलेले रस्ते त्यामुळें नाहींसे झाले. तें नुकसान सोसलें, म्हणूनच लोकांचा विश्वास राहिला, असें आम्हांस वाटतें.

आतां आपल्या तालुक्याकडे वळूं. आरंभ कोठून करावा? सबंध तालुका एकदम घेऊं नये, हें वर आलेंच. राजूरच्या गणपतीस अंगारकीला हजारों माणसें पायीं जातात. त्या वाटेवर पिण्याचें पाणी कोठें, सांवली कोठें, दवाखाना कोठें, एवढेंच आधीं नोंदावें. काम लहान आहे, पुरें होणारें आहे, आणि झाल्याबरोबर त्याचा उपयोग सर्वांना दिसणारा आहे. त्यानंतर शेतवस्त्या घ्याव्या. काळ दिवाळीनंतरचा बरा. खरीप निघालेला असतो, वाटा सुकलेल्या असतात, आणि मुलांना सुटी असते. चौघांची एक तुकडी करावी: एक चालणारा, एक लिहिणारा, एक वाट विचारणारा, आणि चौथा त्या वस्तींतलाच. मोबाइल प्रत्येकाच्या हातीं असलाच पाहिजे असें मुळींच नाहीं. त्या भागाचा नकाशा कागदावर छापून घ्यावा, पेन्सिलीनें त्यावर भरावें, व शाळेंत परत आल्यावर संगणकावर चढवावें. जगांत पुष्कळ ठिकाणीं हीच रीत चालते. ज्या पालकांना मुलांच्या हातीं मोबाइल दिलेला आवडत नाहीं, त्यांची हरकत येथें आपोआप मिटते. मुलींच्या तुकड्याहि असाव्या. पाणवठा, धुण्याची जागा, आंगणवाडीची वाट यांची माहिती त्यांच्याइतकी मुलांना नसते.

पालकांस एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. चार मुलें वही-पेन्सिल घेऊन बांधावरून चालूं लागलीं, कीं शेतकऱ्याच्या मनांत पाल चुकचुकते: जमीन मोजतात कीं काय? नवा रस्ता शेतांतून जाणार कीं काय? ही भीति खोटी म्हणून उडवून लावूं नये. बांधाच्या वादांत कित्येक घरें कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत आलीं आहेत. म्हणून आधीं सरपंच व पोलीस-पाटील यांना भेटून, शक्य तर ग्रामसभेंत, स्पष्ट सांगावें, कीं आम्ही कोणाच्या शेताची हद्द काढणार नाहीं, घरमालकाचें नांव लिहिणार नाहीं, सातबाऱ्याशीं या नकाशाचा संबंध नाहीं. आणि सांगितल्याप्रमाणें वागावें. कायद्याच्या दृष्टीनें अडचण आतां फारशी राहिलेली नाहीं. १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं केंद्र सरकारनें नवीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध करून भारतीय व्यक्तींना व संस्थांना पूर्वपरवानगीवांचून नकाशे करण्याची मोकळीक दिली. संरक्षणाच्या दृष्टीनें नाजूक असलेल्या बाबी मात्र त्यांतून वगळल्या आहेत, व त्यांच्या वाटेस मुलांनीं जाऊं नये.

सर्वांत कठीण प्रश्न पहिल्या वर्षाचा नाहीं, तिसऱ्या वर्षाचा आहे. दहावीचे विद्यार्थी जें शिकले तें घेऊन परीक्षेनंतर निघून जातात. जालना, संभाजीनगर, पुणें, जिकडे ज्याची वाट असेल तिकडे. म्हणून दरेक तुकडींत आठवीचा एक विद्यार्थी पहिल्यापासून असावा, आणि तुकडीची वही त्याच्याजवळ राहावी. नकाशावर काय चढविलें तें संगणकांत सांपडतेंच. वहींत लिहावयाचें तें वेगळें: कोणत्या वस्तींत कोणाला विचारलें म्हणजे खरी माहिती मिळते, कोठें एकदां नकार मिळाला व कां, कोणती नोंद पुन्हा पाहावयाची राहिली. बाहेरगांवीं गेलेल्यांचाहि उपयोग संपत नाहीं. तपासणीचें काम कोठूनहि करतां येतें, आणि आपल्या गांवचा चौकोन तपासतांना त्या मुलाला छपराखालीं काय आहे हें आकाशांतून न पाहतांहि माहीत असतें.

वहींत एक पान नदीनाल्यांच्या उतारांसाठीं राखून ठेवावें. उतार नुसता दाखवून भागत नाहीं; तो कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत चालतो, गाडी जाते कीं माणूसच जातो, पूर आल्यास दुसरी वाट किती लांबून, हें कांठच्या लोकांना विचारून, विचारल्याची तारीख घालून लिहावें. पावसाळा संपतांच हें पान पुन्हा घेऊन जावें, कारण एका पुरांत वाळू सरकते आणि गेल्या वर्षींचा उतार यंदा डोह होऊन बसतो.